पावसाने ओढ दिली की

वसईत रोपं तहानेने मरतात असं सांगितलं तर घाटावरच्या माणसाला ते चटकन पटत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात कसली तहान? पण रोपाला वर्षाची सरासरी कळत नाही. त्याला आपल्या मुळाभोवतालची चार बोटं माती कळते. वरकस जमिनीवर, जिथे मुरुमावर मातीचा पातळ थर असतो, तिथे ती माती जूनच्या उन्हात काही दिवसांत कोरडी पडते. मृगाच्या सरींवर चाऱ्यासाठी मका किंवा ज्वारी पेरली, पाचव्या-सहाव्या दिवशी ओळी दिसू लागल्या आणि नेमकी तेव्हाच पावसाने ओढ दिली, तर दोन पानांचं रोप माना टाकतं. आठवड्याने पुन्हा धो धो कोसळणारा पाऊस त्याच्या कामाचा राहत नाही.

२०२३ साली हा लहरीपणा सगळ्यांनीच पाहिला. मोसमी पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी, २५ जूनला पोहोचला. असं त्याआधी १९६१ मध्ये घडलं होतं. जुलैत कोकणात अतिवृष्टी झाली आणि पाठोपाठ आलेला ऑगस्ट हा देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकूण पावसाच्या बेरजेत असे खंड दिसत नाहीत. पेरणी करणाऱ्याला मात्र ते बरोबर लक्षात राहतात.

चाऱ्याचा आणि या पट्ट्याचा संबंध जुना आहे. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. त्या घोड्यांना, बग्ग्यांच्या आणि पलटणींच्या जनावरांना, गल्लोगल्लीच्या गोठ्यांतल्या म्हशींना गवत लागत होतं आणि त्यातलं बरंचसं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवरून कापून जात होतं. ट्रामचे घोडे गेले, म्हशी राहिल्या. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली तेव्हा तबेल्यांच्या सांडपाण्यावर पॅरा गवत वाढवलं गेलं. पुढे आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डापचरीचा दुग्धप्रकल्प आला. आज वसईच्या पूर्वेला महामार्गाच्या अंगाने तबेले आहेत, त्यांना रोज हिरवी वैरण हवी असते, आणि ती पिकवायची जमीन मात्र इमारतींखाली जात आहे. किनाऱ्याकडच्या विहिरी उपसून उपसून मचूळ होत चालल्या आहेत. अशा ठिकाणी एक पेरणी फुकट गेली तर बियाणं, मजुरी आणि पंधरा-वीस दिवसांची वैरण एकदमच जाते. म्हणून पहिल्या पंधरवड्यातलं रोप वाचवणं हा वसई-पालघरच्या पशुपालकासाठी खरा, रोकडा प्रश्न आहे. वनस्पतींची संजीवकं, म्हणजे अगदी थोड्या मात्रेत त्यांची वाढ चालवणारी त्यांचीच द्रव्यं, या प्रश्नाला कुठवर पुरी पडतात, ते या प्रकरणात पाहू.

संजीवकांचा शोध मुळात चाऱ्याच्याच रोपांत लागला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. कोंब उजेडाकडे वळतो, पण त्याच्या टोकावर छोटी टोपी घातली की वळत नाही. उजेड टोकाला कळतो आणि वाकतो मात्र खालचा भाग, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी जात असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते 'काहीतरी' हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथे फ्रिट्स वेंट या तरुणाने १९२६ साली पकडलं. त्याने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवली. नंतर तो तुकडाच टोक छाटलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला, तेव्हा अंधारातसुद्धा कोंब वाकला. हे पहिलं संजीवक, ऑक्सिन. त्याच वर्षी तैवानमध्ये एइची कुरोसावा हे जपानी संशोधक भाताच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. त्या रोगात रोपं भलतीच उंच, फिकट होतात आणि कोसळतात. बुरशीने सोडलेल्या ज्या द्रव्यामुळे हे घडतं, त्याला पुढे जिबरेलिन हे नाव मिळालं. आपल्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडी असलेलं 'जीए' ते हेच. पन्नाशीच्या दशकात सायटोकायनिन आणि साठीच्या दशकात ॲब्सिसिक आम्ल सापडलं. या शेवटच्याचं नाव अवघड आहे, पण तहानेच्या कथेत मुख्य भूमिका त्याचीच आहे. यापुढे त्याला 'अबा' म्हणू, प्रयोगशाळेतही त्याची हीच आद्याक्षरं चालतात.

पानाच्या पृष्ठभागावर लाखो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने टरारल्या की छिद्र उघडतं आणि सैल पडल्या की मिटतं. माती सुकू लागली की पानातलं अबा वाढतं, काही पिकांत चार ते आठ तासांत पन्नास पटींपर्यंत. ते रक्षक पेशीतल्या एका ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्यामुळे एरवी दाबून ठेवलेली प्रथिनांची एक साखळी मोकळी होते, पेशीच्या आवरणातली दारं उघडून क्षार बाहेर पडतात, क्षारांमागोमाग पाणी बाहेर पडतं आणि छिद्र मिटतं. हे ग्राहक प्रथिन नेमकं कोणतं, याचा छडा २००९ साली लागला, म्हणजे अबा सापडल्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. टोमॅटोच्या काही उत्परिवर्तित वाणांत अबा पुरेसं तयार होत नाही. ती झाडं ओल्या मातीत उभी असूनही कोमेजलेली दिसतात, कारण त्यांना छिद्रं मिटता येत नाहीत. पाणी समोर असूनही ते सांभाळता न आल्याने तहानेलं राहणारं झाड पाहिलं की या एका रेणूची किंमत कळते.

माती कोरडी झाल्याची खबर पानाला कोण देतं? पान स्वतः सुकल्यावरच त्याला कळतं, असं आधी वाटायचं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदाच्या रोपांची मुळं दोन कुंड्यांत विभागली. एका कुंडीला पाणी देत राहिले, दुसरी सुकू दिली. अर्ध्या मुळांना पुरेसं पाणी असल्याने पानं टवटवीत होती, तरीही नव्या पानांची वाढ मंदावली. मग त्यांनी कोरड्या कुंडीतली मुळं कापून टाकली, आणि वाढ पुन्हा सुरू झाली. कोरडी मुळं काही पुरवत नव्हती, ती 'थांब' असा निरोप पाठवत होती. १९९० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. किती साधी कृती, आणि किती नि:संदिग्ध उत्तर! निरोप नेणारा रेणू नेहमी अबाच असतो असं मात्र नाही. २०१८ साली जपानच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात मुळाकडून पानाकडे जाणारा लहानसा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू, दाखवून दिला. तो पानात पोहोचतो आणि पान स्वतःच अबा बनवतं.

हे सगळं रोपाला फुकट मिळत नाही. छिद्रं मिटली की वाफ थांबते आणि कार्बन डायऑक्साइडही थांबतो, म्हणजे रोप तहान टाळण्यासाठी उपाशी राहतं. मोठ्या झाडाकडे साठा असतो. मक्याच्या सहा दिवसांच्या रोपाकडे बियातला उरलासुरला पिठाचा गर असतो आणि तो संपायच्या आत मूळ ओलीपर्यंत जायला हवं. रोपाची सारी लढाई या शर्यतीची आहे.

अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात रॉबर्ट शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हीच शर्यत मक्याच्या कोंबांत बारकाईने मोजली. ओल कमी असलेल्या माध्यमात मक्याची वरची वाढ जवळजवळ थांबते, पण मुख्य मुळाचं टोक वाढत राहतं. अबा तयार होऊ दिलं नाही तर मूळही थांबतं. कारण शोधता शोधता असं आढळलं की अबा मुळातल्या एथिलिन या वायुरूप संजीवकाला आवर घालतं. आवर सुटला की एथिलिन मुळाची लांबी रोखतं. म्हणजे अबा एकाच वेळी पानाला रोखतं आणि मुळाला पुढे जाऊ देतं. चाऱ्याच्या रोपाला बाहेरून संजीवक देऊन जे साधायचं ते हेच: वरचा खर्च थोडा कमी, खालची गुंतवणूक थोडी जास्त, आणि तीही पाऊस परत येईपर्यंतच्या काही दिवसांसाठी. संजीवक पाणी देत नाही. आहे त्या पाण्याचा वापर कुठे व्हावा, एवढंच ते बदलतं.

मग रोपांवर सरळ अबाच का फवारू नये? ते बाजारात मिळतं. करड्या बुरशीच्या एका जातीकडून किण्वनाने ते तयार करवून घेतात आणि द्राक्षाला रंग यावा म्हणून परदेशात वापरतात. पण ते महाग आहे, उन्हात लवकर निकामी होतं आणि रोप स्वतःही ते झपाट्याने मोडून टाकतं. म्हणून त्याच ग्राहक प्रथिनाला चिकटणारे, पण जास्त टिकणारे रेणू घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. कॅलिफोर्नियात शॉन कटलर यांच्या प्रयोगशाळेतून २०१९ साली ओपाबॅक्टिन नावाचा असा रेणू पुढे आला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिलं नाव आदित्य वैद्य यांचं आहे. अशा गोष्टी वैरणीच्या शेतात परवडायला अजून वेळ लागेल. दुधाच्या भावावर चालणारा माणूस एकरभर मक्यावर द्राक्षबागेइतका खर्च करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

महाराष्ट्राला संजीवकांची ओळख फळबागांतून झाली. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचे घड जीएच्या द्रावणात बुडवतात, खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून सीसीसी फवारतात. कोकणात हापूस एक वर्षाआड फळतो, तो नियमित फळावा म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठात पॅक्लोब्युट्राझोलवर काम झालं आणि ते बागायतदारांत कल्टार या नावाने रुजलं. सीसीसी आणि कल्टार दोन्ही झाडात जिबरेलिन तयार होण्यात अडथळा आणतात. त्यामुळे शेंडा आखूड राहतो, पानं गडद होतात, आणि बऱ्याच पिकांच्या रोपांत ताण सोसण्याची ताकदही वाढलेली दिसते. प्रयोगशाळेपुरतं पाहिलं तर ही गवताच्या रोपांसाठी उत्तम औषधं आहेत.

तरीही वैरणीवर ती वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आंब्याच्या झाडाला दिलेलं आणि वैरणीच्या पानाला दिलेलं औषध यांत फरक आहे. वैरणीचं पानन् पान जनावराच्या पोटात जातं आणि काही आठवड्यांतच जातं. पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत दीर्घकाळ टिकतं. क्लोरमेक्वॅट, म्हणजे हेच सीसीसी, परदेशात ओटच्या पिकावर वापरलं जातं आणि अमेरिकेत तपासलेल्या माणसांच्या लघवीच्या बहुतेक नमुन्यांत त्याचे अंश आढळल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. ओटचे दाणे खाऊन हे घडत असेल, तर अख्खा ताटा खाणाऱ्या म्हशीच्या बाबतीत जपूनच राहिलेलं बरं.

जिबरेलिनचा मोह वेगळा आहे. वैरणीचा भाव उंचीवर आणि पेंढीच्या जाडीवर ठरतो, त्यामुळे उंची वाढवणारी बाटली दुकानदाराने पुढे केली की हात जातो. पण ओल तुटत असताना रोपावर जीए मारणं म्हणजे त्याला नेमकं चुकीच्या बाजूला ढकलणं. पानं लांबतात, फिकट होतात, वाफ जास्त जाते आणि मूळ मागे राहतं. हेच जीए पेरणीच्या आधी मात्र कामाचं आहे. मारवेल, डोंगरी यांसारख्या गवतांचं ताजं बी बऱ्याचदा सुप्तावस्थेत असतं. ते एकदम उगवत नाही, थोडं आज, थोडं महिन्याने असं येतं. सौम्य जीएमध्ये भिजवल्यावर ही सुप्तावस्था अनेक गवतांत तुटते आणि उगवण एकसारखी होते. एकच द्रव्य बियाला तारतं आणि रोपाला मारक ठरतं. म्हणून संजीवकाबद्दल पहिला प्रश्न 'कोणतं' याच्याही आधी 'कधी' असा विचारायला हवा.

वैरणीच्या शेतासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो बीजप्रक्रियेचा मार्ग. त्यात रोपावर फवारणी नाही, द्रव्याची मात्रा अगदी थोडी आणि खर्चही थोडा. सॅलिसिलिक आम्ल हे वनस्पतींचं स्वतःचंच संरक्षक संजीवक आहे, ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घेवडा आणि टोमॅटोचं बी सॅलिसिलिक आम्लाच्या किंवा ॲस्पिरिनच्या विरळ द्रावणात भिजवल्यावर रोपांनी उष्णता, थंडी आणि पाण्याचा ताण हे तिन्ही जास्त सोसले. त्यानंतर गहू, मका, ज्वारी, लसूणघास अशा अनेक पिकांत असे प्रयोग झाले. गुण येतो तो फार विरळ मात्रेत. अर्धा मिलिमोल म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे सत्तर मिलिग्रॅम. मात्रा वाढवली की उगवणच दबते. जास्त घातलं तर जास्त फायदा, हा खताचा हिशेब संजीवकाला लागू होत नाही. ही पूड थंड पाण्यात सावकाश विरघळते, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग बाकीचं पाणी घालायचं आणि द्रावण पूर्ण थंड झाल्यावरच बी टाकायचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बी भिजवण्याचा बराचसा फायदा निव्वळ पाण्याचा असतो. १९९०च्या दशकात डेव्हिड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या कोरडवाहू, आदिवासीबहुल भागांत शेतकऱ्यांसोबत मका, भात आणि हरभऱ्याचं बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वरवर सुकवून पेरलं. उगवण लवकर आणि जोमदार झाली. ओल टिकण्याचे दिवस मोजकेच असतील, तर एक दिवस आधी उगवलेलं मूळ एक दिवस खोल असतं. नियम एवढाच, की बी इतकंच भिजवायचं की ते बाहेर काढून ठेवलं तर आपणहून मोड फुटू नये. मक्याला एक रात्र चालते. चवळीसारख्या द्विदल बियाला त्याहून बरंच कमी, कारण ते पाणी चटकन ओढतं आणि त्याची साल-दलं फाटतात. म्हणून कुणी 'आमच्या द्रावणाने रोप ताण सोसतं' असं सांगितलं तर त्याला विचारावं, की नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियाशी तुलना केलीत का? कोरड्या बियाशी केलेली तुलना पुरेशी नाही. २०२१ साली केंद्र सरकारने जैवउत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, ते याच गोंधळाला आळा घालण्यासाठी. बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचण्याची सवय लावून घेतलेली बरी.

ज्वारीबाबत सावध करणं गरजेचं आहे. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरीन नावाचं द्रव्य असतं आणि जनावराने ते खाल्लं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल मोकळं होतं. पाण्याचा ताण पडला, वाढ खुंटली की त्याचं प्रमाण वाढतं. खंडानंतर पाऊस आल्यावर जे हिरवेगार पोंगे फुटतात ते तर विशेष धोक्याचे. किराळ, म्हणजे ही विषबाधा, लागून जनावर तासाभरातही दगावू शकतं. संजीवकाने रोप जगवलं म्हणून हा धोका टळत नाही. वाचवलेलं रोप लगेच वैरण होत नाही. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात येईपर्यंत थांबायचं, किंवा कापून नीट वाळवून मगच घालायची. ज्यांना लवकर हिरवं लागतं त्यांनी वसईच्या पहिल्या पेरणीसाठी ज्वारीऐवजी आफ्रिकन टॉल मका आणि सोबत चवळी घ्यावी. मक्यात हे विष नसतं आणि चवळीने जमीनही झाकली जाते.

दुसरी तहान दसऱ्यानंतरची. भात निघाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल पेरण्याची रीत आहे, वैरणीची चवळीही तशी घेता येते. इथे खंडानंतर पाऊस परत येणार नसतो, ओल दिवसागणिक खाली जात असते. इथे भिजवलेल्या बियाचा उपयोग आहे, पण त्याहून मोठा उपयोग कापणी आणि पेरणी यांच्यातले दिवस कमी करण्याचा. कापणीनंतर आठवडाभर वाट पाहिली, तर कोणतंही संजीवक तो आठवडा परत देत नाही. पश्चिम पट्टीत मचूळ विहिरीच्या पाण्यावर ओट किंवा लसूणघास करणाऱ्याची अडचण आणखी निराळी. माती ओली दिसते, पण क्षारांमुळे मुळाला पाणी ओढता येत नाही, आणि रोपाच्या दृष्टीने तोही दुष्काळच. अबा तिथेही तसंच वाढतं, छिद्रं तशीच मिटतात. अशा जागी बी भिजवायला आणि उगवणीच्या पाण्याला शक्य तितकं गोडं पाणी वापरावं, मचूळ पाणी रोप मोठं झाल्यावर द्यावं.

करून पाहणाऱ्याने शेताच्या एका कडेला तीन पट्टे ठेवावेत: एक कोरड्या बियाचा, एक साध्या पाण्यात भिजवलेल्या बियाचा, एक सॅलिसिलिक आम्लाच्या द्रावणातल्या बियाचा. माती आणि पेरणीची खोली सगळीकडे सारखी हवी, चढउतारही नको. दहाव्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातली काही रोपं खुरप्याने मातीसकट अलगद काढून पाण्यात धुवावीत आणि मूळ व शेंडा वेगवेगळे मोजावेत. वरून हिरवं, उंच दिसणारं रोप खाली किती गेलं आहे, ते तेव्हाच कळतं. मधे खंड पडलाच, तर पाऊस परत आल्यावर आठवड्याने तिन्ही पट्ट्यांतली उभी रोपं मोजावीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यात फरक दिसला नाही, तर त्या जमिनीला आणि त्या बियाण्याला पाणीच पुरेसं आहे. द्रावणाचे पैसे वाचले, ते बांधावर मारवेलची किंवा संकरित नेपिअरची ठोंबं लावण्यात घालावेत. ती एकदा पहिल्या पावसाळ्यात रुजली की पुढची काही वर्षं दर जूनला नव्याने उगवण्याची जोखीम त्यांना घ्यावी लागत नाही.